इंदुरात व्हिडिओच्या लाइटसाठी स्वस्तातला डिमर कोणता घ्यावा?

रामबागवाली

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

माझी आत्या गाणं शिकवते, तिचे धडे रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायचं आमचं चाललंय. एका भागात एक राग, थोडी ओळख, मग एक बंदिश, एवढंच. जागा म्हणजे घरातली बाहेरची खोली, साधारण बारा बाय चौदा, भिंती पिस्ता रंगाच्या. कॅमेरा मिररलेस आहे, दुसऱ्या अँगलला मोबाइल ठेवतो. अडलंय ते लाइटवर. मामा पूर्वी लग्नाचं शूटिंग करायचा, त्याच्याकडचे हजार वॅटचे दोन हॅलोजन स्टँडसकट मला मिळालेत, आणि एक छोटं एलईडी पॅनल मी ऑनलाइन मागवलं होतं. हॅलोजनचा उजेड चेहऱ्यावर इतका सुंदर पडतो की पॅनलकडे बघावंसं वाटत नाही, पण दोन्ही लावले की आत्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागतं, आणि तंबोरा खराखुरा लावतो त्यामुळे पंखा बंद, म्हणजे वीस मिनिटांत खोलीची पार भट्टी होते नी तंबोरा उतरतो तो वेगळाच.

म्हणून म्हटलं डिमर लावावा. महारानी रोडवर गेले तर एकाने पंख्याचा रेग्युलेटर पुढे केला, म्हणे हाच लावा सगळे लावतात, दुसऱ्याने भिंतीत बसवायचा मॉड्युलर डिमर दाखवला त्यावर ४०० वॅट लिहिलंय, आणि ऑनलाइन बघितलं तर उघडं सर्किट बोर्ड आहे ४००० वॅटचं, किंमत दोन-तीनशे रुपये. ४०० वाला आणि ४००० वाला जवळपास सारख्याच किमतीला कसे काय? बजेट दीड हजार, फार तर दोन. वायरिंगचं मला कळत नाही पण ओळखीचे इलेक्ट्रिशियन भिया आहेत ते करून देतील. काय घेऊ?

जुना_लाइटमन

ताई, पहिलं पंख्याच्या रेग्युलेटरचं. त्या दुकानदाराला म्हणावं आधी तू लाव तुझ्या घरी. हल्ली जे खटक-खटक फिरणारे रेग्युलेटर येतात ना एक ते पाच नंबरवाले, त्यात आत कपॅसिटर असतात, सत्तर-ऐंशी वॅटच्या पंख्यासाठी हिशेब करून बसवलेले. हजार वॅटचा हॅलोजन त्याला लावला तर एक ते चार नंबरवर बल्ब धड लाल पण होणार नाही, आणि पाच नंबरवर तो कपॅसिटर बाजूला टाकून करंट थेट सोडतो, म्हणजे साडेचार अँपिअरच्या आसपास करंट त्या इवल्याशा पत्तीतून जाणार. मग वास येईल, नी वास आला म्हणजे समजायचं. जुने गोल फिरणारे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असतात ते जातीने डिमरच, पण त्यांची ताकद शंभरेक वॅटची. ते पण नाही चालणार.

४०० वॅटवाला मॉड्युलर डिमर चांगली वस्तू आहे पण हजार वॅटला नाही. शब्दशः ४०० म्हणजे ४००, आणि मी तर अडीचशे-तीनशेच्या वर त्याच्यावर कधी टाकत नाही कारण तो भिंतीतल्या बंद डब्यात बसतो, हवा लागत नाही. दुसरं एक कारण आहे जे दुकानात कोणी सांगत नाही. थंड असताना टंगस्टनच्या तारेचा रोध गरम असतानाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी असतो, म्हणजे बटण दाबल्या क्षणी दहापट करंट ओढला जातो, निमिषभर का असेना. म्हणून डिमर नेहमी बल्बाच्या दुप्पट घ्यायचा आणि नेहमी शून्यावरून हळूहळू चढवायचा, अर्ध्यावर ठेवून खटका मारायचा नाही. असं केलं की बल्ब पण जास्त टिकतो.

आता ४००० वॅटचं बोर्ड. त्यावर बहुतेक बीटीए-४१ नावाचा ट्रायॅक, म्हणजे करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक खटका, असतो, तो खरोखर ४० अँपिअरचा असतो, खोटं नाही. खोटं आहे ते त्याच्या पाठीवरचं ॲल्युमिनियम. ट्रायॅकवर साधारण सव्वा ते दीड व्होल्ट खर्च होतात, म्हणजे हजार वॅटच्या लाइटला पाच-सहा वॅट उष्णता त्या तुकड्यात निघणार, तेवढी तो कशीबशी सहन करतो. ४००० वॅट टाकले तर वीस-पंचवीस वॅट उष्णता, म्हणजे हात लावायची सोय नाही, आणि बोर्डावरचे तांब्याचे पट्टे पण १७ अँपिअरसाठी केलेले नसतात. त्यामुळे ते बोर्ड ‘हजार वॅटचं’ समजून घ्यायचं. एका लाइटला एक बोर्ड, धातूच्या डब्यात भोकं पाडून, डब्याला अर्थिंग, नॉबची दांडी प्लास्टिकची, आणि बोर्डाच्या आधी एक फ्यूज. ट्रायॅकच्या नावात बीटीए आहे की बीटीबी तेवढं भियाला बघायला सांगा, बीटीए असेल तर पाठीचा पत्रा आतून वेगळा केलेला असतो, बीटीबीमध्ये पाठीला थेट करंट असतो, हात लागला तर झालं.

आणि हो, दोन्ही लाइट एका साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर लावत असाल तर आजच बंद करा. दोन हजार वॅट म्हणजे पावणेनऊ अँपिअर होतात. १६ वाल्या सॉकेटवर लावा.

एडिट_टेबल

एलईडी घ्या नी विषय संपवा. २०२६ मध्ये हॅलोजनला डिमर शोधतोय आपण 😄 चाळीस-पन्नास वॅटचा चांगला एलईडी घेतला तर उजेड जवळजवळ एका हॅलोजनच्या पाव-अर्ध्याइतका येतो, बारा बाय चौदाच्या खोलीत तेवढा पुष्कळ, डिमर त्याच्यातच, खोली थंड. हजार वॅटमधले नऊशेच्या वर तर उष्णतेतच जातात.

बडोद्याचा_साउंडवाला

मी बडोद्याहून. लाइटचं ज्ञान बेताचं पण तुम्ही तंबोरा म्हणालात म्हणून थांबलो. वर लाइटमन काकांनी सगळं बरोबर सांगितलं, फक्त एक गोष्ट राहिली जी तुमच्या कामात सगळ्यात मोठी आहे: ट्रायॅकचा डिमर गातो. म्हणजे डिमर कमी आणि बल्बाची तार जास्त.

होतं काय की हा डिमर व्होल्टेज कमी करत नाही, तो प्रत्येक लाटेचा सुरुवातीचा तुकडा कापतो नी मग एकदम सोडतो. आपल्याकडे २३० व्होल्ट म्हणतो त्याचं टोक ३२५ व्होल्टवर असतं. डिमर बरोबर मध्यावर ठेवला तर शून्यावरून सरळ ३२५ वर उडी, सेकंदाला शंभर वेळा. तार त्या धक्क्याने थरथरते आणि झिंग्ग असा आवाज येतो. नाटकाला चालतं, लाइट वीस फूट वर टांगलेला असतो. तुमचा लाइट आत्यांपासून पाच-सहा फुटांवर, खोलीत पंखा नाही, शांतता, आणि मागे तंबोरा. तो आवाज शंभर हर्ट्झ आणि त्याच्या पटीतला असतो, म्हणजे तंबोऱ्याच्या सुरांच्या आसपास कुठेतरी, आणि तुमच्या षड्जाशी तो जुळणार नाही हे मी लिहून देतो. एडिटमध्ये काढता येतो म्हणणारे भेटतील. माणसाच्या बोलण्यातून काढता येतो, तंबोऱ्यातून काढायला गेलात तर तंबोऱ्याचीच जवारी, म्हणजे तो भरलेला झणकार, जाते कारण त्या वरच्या पट्टीतल्या गोष्टी एकमेकांत मिसळलेल्या असतात.

भारी डिमरमध्ये जाड तारेचं मोठं चोक असतं ते ती उडी जरा सावकाश करतं, म्हणून नाट्यगृहातले डिमर इतके जड असतात. दोन-तीनशेच्या बोर्डात चोक एक तर नसतंच किंवा नावापुरतं. शिवाय हाच कापलेला करंट माइकच्या वायरीत पण घुसतो. माइकची वायर डिमरच्या वायरीला समांतर कधी नेऊ नका, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा, आणि बॅलन्स्ड एक्सएलआर, म्हणजे बाहेरची खरखर छाटणारी तीन पिनांची माइकची वायर, वापरा, मोबाइलचा कॉलर माइक नको.

@एडिट_टेबल एलईडीचं म्हणाल तर स्वस्त पॅनलमधला छोटा पंखा विसरलात. तो पण गातोच.

रामबागवाली

अरे देवा, हे तर मला सुचलंच नव्हतं. @बडोद्याचा_साउंडवाला दादा, म्हणजे मग ट्रायॅक बादच ना? मामाला विचारलं तर तो म्हणे पूर्वी आम्ही दोन लाइट सिरीजमध्ये जोडायचो, दोघांना अर्धं-अर्धं व्होल्टेज, आवाज नाही काही नाही, फुकटात. ते करू का? आणि डायोड लावायचा असं पण एक जण म्हणाला.

@एडिट_टेबल माझ्याकडे आहे ना पॅनल, त्याच्याखाली आत्या आजारी दिसते हो. आणि पन्नास टक्क्यांच्या खाली आणलं की मोबाइलच्या व्हिडिओत काळे पट्टे सरकतात. कॅमेऱ्यात नाही दिसत, मोबाइलमध्येच. हे काय आहे?

लष्कर_ग्वाल्हेर

गाण्याचं रेकॉर्डिंग आहे म्हटल्यावर ग्वाल्हेरवाल्याने बोलायलाच पाहिजे. कॉलेजच्या इलेक्ट्रिकल लॅबमध्ये आयुष्य गेलं, आता निवृत्त.

सिरीजचं मामांनी सांगितलं ते चुकीचं नाही पण अपुरं आहे. अर्धं व्होल्टेज म्हणजे अर्धा उजेड असं नसतं बाळ. टंगस्टनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीन घाताने बदलतो, म्हणजे अर्ध्या व्होल्टेजला उजेड जेमतेम दहावा हिस्सा राहतो, आणि रंग ३२०० केल्विनवरून २४०० च्या आसपास, म्हणजे पार नारिंगी. समईच्या उजेडासारखं दिसेल. सीन तसा असेल तर उत्तम, पण शिकवण्याच्या व्हिडिओत आत्यांचा चेहरा भगवा करून काय उपयोग. उलट व्होल्टेज फक्त दहा टक्के कमी केलं तर उजेड जवळपास तीस टक्के उतरतो, रंग शे-दीडशे केल्विनने सरकतो जो कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्सने सहज सावरतो, आणि बल्बाचं आयुष्य तिप्पट होतं. टंगस्टनच्या डिमरचा खरा कामाचा पट्टा हा एवढाच, वरचे दहा-पंधरा टक्के व्होल्टेज. त्याच्या खाली तुम्ही उजेड कमी करत नसता, रंग बदलत असता.

डायोड अजिबात नको. तो लाटेची एक बाजूच खाऊन टाकतो, मग बल्ब शंभर ऐवजी पन्नास वेळा लुकलुकतो, डोळ्याला पण जाणवतं आणि शटर १/१०० वर असेल तर चित्रात उजळ-मंद पट्टे येऊ शकतात.

आता एवढ्या पट्ट्यात डिम करायचं आणि आवाज अजिबात नको असेल तर त्याला एकच वस्तू आहे, व्हेरिअॅक, आपल्याकडे बाजारात डिमरस्टॅट म्हणतात. लोखंडाच्या कड्यावर तांब्याची तार गुंडाळलेली आणि वर फिरणारा कार्बनचा ब्रश. तो लाट कापत नाही, अख्खी लाटच लहान करतो, त्यामुळे तार गात नाही, माइकमध्ये काही येत नाही. हजार वॅटला ४.३५ अँपिअर, म्हणजे ६ किंवा ८ अँपिअरचा घ्यायचा. नवा तुमच्या बजेटमध्ये बसणार नाही. पण वर्कशॉप, लॅब, मोटार रिवाइंडिंगवाले यांच्याकडे जुने पडलेले असतात, कॉलेजं भंगारात काढतात तेव्हा पण मिळतात. घेताना नॉब काढून ब्रश बघा, झिजलेला असेल तर बदलून मिळतो, पण तारेवर जळल्याचा काळा डाग असेल तर सोडून द्या. आणि चाळीस-पन्नास टक्क्यांवर फिरवून कान लावा, पट्ट्या सैल झालेल्या असतील तर तो स्वतः घुमतो.

तीन गोष्टी भियाला सांगा. बहुतेक डिमरस्टॅट २७० व्होल्टपर्यंत चढतात, म्हणून २३० च्या पुढे नॉब जाणार नाही अशी खीळ मारून घ्या, नाहीतर कोणीतरी उत्साहाने फिरवेल नी बल्ब जाईल. दुसरं, त्याला लोक ट्रान्सफॉर्मर म्हणतात म्हणून सुरक्षित समजतात, तसं नाही, आत एकच गुंडाळी असते, मेन्सपासून वेगळं काही केलेलं नसतं. न्यूट्रल-फेज उलटे लागले तर नॉब शून्यावर असताना पण लाइटच्या डब्यापर्यंत करंट असतो. तिसरं, चालू करताना एमसीबी कधीकधी उगाच पडते, घाबरू नका, परत चढवा.

एडिट_टेबल

काका एवढं जड धूड बाहेरच्या खोलीत कुठे ठेवायचं आणि कशासाठी, दहा टक्के कमी करायला? 😅

@रामबागवाली पट्टे म्हणजे पॅनलच्या डिमिंगची फ्रिक्वेन्सी. एलईडीला सहसा व्होल्टेज कमी करून डिम करत नाहीत, तो भराभर चालू-बंद करतात, बंद जास्त चालू कमी असा. डोळ्याला कळत नाही. तुमच्या कॅमेऱ्यात शटर १/५० असेल, त्यात पुष्कळ चालू-बंद मावतात, सरासरी निघते. मोबाइल ऑटोवर आहे, खोलीत उजेड भरपूर म्हणून तो शटर १/५०० नाहीतर १/१००० वर नेतो, तेवढ्या वेळात एखाद-दोनच झटके येतात, आणि सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचतो म्हणून कुठली ओळ उजळ कुठली काळी. फुल ब्राइटनेसवर बंद होणंच नसतं म्हणून पट्टे नाहीत. मोबाइल प्रो मोडवर टाका, शटर १/५० किंवा १/१०० ला लॉक करा, आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील त्याचा आकडा, खाली घ्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झ त्यामुळे ३० फ्रेमवर शूट करत असाल तरी शटर १/५० किंवा १/१०० च, १/६० नाही. १/६० वर घरातले साधे बल्ब-ट्यूब पण लहरतात.

नवीन एलईडी घेताना दुकानातच परीक्षा करायची. लाइट दहा टक्क्यांवर आणायचा, मोबाइलचं शटर १/१००० च्या पुढे न्यायचं आणि पांढऱ्या कागदावर बघायचं. पट्टे आले तर ठेवून यायचं. आजारी दिसण्याचं कारण वेगळं, स्वस्त एलईडीत लाल रंग कमी असतो, सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९५ च्या पुढचा घेतला तर एवढा फरक नाही जाणवणार.

एक राहिलं, घरातल्या साध्या एलईडी बल्बाला भिंतीचा डिमर लावू नका, खोक्यावर ‘डिमेबल’ लिहिलेलं असेल तरच. आणि त्याला मागची कड कापणारा डिमर लागतो, हॅलोजनचा जुना पुढची कड कापतो, तो लावला की बल्ब फडफडतो.

जुना_लाइटमन

सगळे हुशार लोक जमलेत पण मूळ गोष्ट कोणीच विचारली नाही. ताई, तुम्हाला उजेड कमी करायचाय की डिमर घ्यायचाय? कारण नाटकात डिमर लागतो तो चालू प्रयोगात उजेड चढ-उतार करायला. लाइट एकदा लावला की तासभर हलवायचाच नसेल तर डिमर कशाला पाहिजे?

तुमचा लाइट आत्यांवर सरळ मारता ना, थेट तोंडावर? म्हणून डोळ्यांतून पाणी. त्याला उलटा फिरवा. पाठीमागे पांढरी थर्माकोलची अख्खी शीट उभी करा, हॅलोजन त्याच्याकडे तोंड करून, तीन-साडेतीन फूट अंतर ठेवून, जवळ नको वितळेल, आणि परत येणारा उजेड आत्यांवर येऊ द्या. उजेड आपोआप पाव होतो, मऊ होतो, डोळ्यात काही जात नाही, रंग ३२०० चा ३२०० राहतो, तार गात नाही. भिंतीवर मारू नका, तुमची भिंत पिस्ता आहे, चेहरा हिरवट होईल.

तरी जास्त वाटला तर अंतर. सहा फुटांवरचा लाइट साडेआठ फुटांवर नेला की उजेड अर्धा, बारा फुटांवर नेला की पाव. खोली पुरत नसेल तर लाइटच्या तोंडासमोर लोखंडी जाळी. शूटिंगच्या सामानात मिळते ती महाग, आपल्याला धान्याच्या चाळणीसारखी बारीक जाळी हार्डवेअरवाल्याकडे मिळते, सियागंजला फुटावर कापून देतात. एक थर, दोन थर, बघत बघत लावायची. आमच्या लाइनीत याच्यावरच पिढ्या निघाल्या. जुन्या लोकांकडून तर मिठाच्या पाण्यात पत्रे बुडवून केलेल्या डिमरच्या गोष्टी ऐकल्यात, ते करू नका म्हणजे झालं.

तिसरा उपाय, बल्बच लहान. बाजारातल्या साध्या नळीच्या हॅलोजनमध्ये हजार वॅटची नळी लांब असते, १८९ मिलिमीटर, आणि पाचशेची आखूड ११८. म्हणजे तुमच्या डब्यात पाचशेची बसेलच असं नाही, जुनी नळी कागदात गुंडाळून सोबत घेऊन जा आणि दाखवूनच घ्या. नळीला उघडा हात लावायचा नाही, बोटाचं तेल लागतं तिथे काच फुगते.

हॅलोजन कायम एकदम मंद ठेवला तर नळी आतून काळी पण पडते. काच अडीचशे डिग्रीच्या आसपास गरम असेल तरच तारेवरून उडालेलं टंगस्टन परत तारेवर जातं. मंद चालवलाच तर शेवटी थोडा वेळ फुलवर चालवून मग बंद करा.

बडोद्याचा_साउंडवाला

काका 🙏 थर्माकोलचा अजून एक फायदा, खोलीतला घुमारा पण थोडा कमी वाटेल. जास्त नाही हां, थर्माकोल काही आवाज शोषत नाही, पण समोरासमोरच्या दोन भिंतींमधली टणटण मोडते. त्यापेक्षा आत्यांच्या समोर, कॅमेऱ्याच्या मागे, दुलई टांगा.

रामबागवाली

मंडळी, संध्याकाळी काकांनी सांगितलं तसं करून बघितलं. थर्माकोल गणपतीच्या मखराचा उरलेला होता 🙂 एकच हॅलोजन, उलटा करून. काय सांगू, आत्या म्हणाली लाइट लावलायस का अजून लावायचाय? आयएसओ ८०० वर गेला पण चित्र स्वच्छ आहे. दुसरा हॅलोजन लावलाच नाही त्यामुळे खोली पण निम्मीच तापली. मोबाइलचं शटर १/५० केलं, पट्टे गेले.

आता एक शंका राहिली. मागे कोनाड्यात सरस्वतीची छोटी मूर्ती आहे, तिथे साधा पिवळा बल्ब लावलाय ६० वॅटचा, तो कॅमेऱ्यात पांढराफटक गोळा दिसतो. तिथे तो ४०० वाला डिमर लावला तर? का तो पण गाईल?

जुना_लाइटमन

अहो हेच तर डिमरचं काम! फ्रेममध्ये दिसणारा बल्ब. तिथे तुम्हाला नारिंगीच पाहिजे, समईसारखा, रंग उतरला तर उतरू दे. साठ वॅटला ४०० चा डिमर म्हणजे आरामात, गरम पण होणार नाही. फक्त घेताना खोक्यावर कमीत कमी लोड किती लिहिलाय ते बघा, काही डिमरांना चाळीस-साठच्या खाली बल्ब नीट धरवत नाही, लुकलुकतो. एलईडी लावू नका तिथे, डिम केला तरी तो पिवळाच राहतो, तांबूस होत नाही.

बडोद्याचा_साउंडवाला

गाईल, पण साठ वॅटची तार बारीक आवाजात गाते, आणि कोनाडा माइकपासून आठ-दहा फूट लांब. रेकॉर्डिंगच्या आधी हेडफोन लावून डिमर पूर्ण फिरवून बघा, बरोबर मध्यावर सगळ्यात जास्त झिणझिण असते, त्याच्या जरा खाली आणा. तरी आलाच तर पंचवीस वॅटचा बल्ब लावून डिमर काढून टाका.

लष्कर_ग्वाल्हेर

पंचवीस आणि साठ दोन्ही एकमेकांच्या सिरीजमध्ये लावून पण बघा, मामांची आयडिया इथे कामाची आहे. साठवाला जवळजवळ विझलेलाच राहील, पंचवीसवाला मंद तांबूस जळेल, कारण लहान बल्बाच्या वाट्याला जास्त व्होल्टेज येतं. आवाज शून्य. साठवाला कोनाड्याच्या मागे लपवून टाका. भियाला म्हणावं जोड उघडे ठेवू नको.

आणि व्हिडिओ झाला की लिंक टाका, बंदिश कुठली घेतली ते बघायचंय.

रामबागवाली

टाकते काका, यमन घेतलाय पहिला. काका @जुना_लाइटमन, जाळी घेऊन ठेवू का तरी, उन्हाळ्यात आत्या अजून मंद म्हणेल तर?

जुना_लाइटमन

घेऊन ठेवा. लोखंडीच घ्या, नायलॉनची दाखवतील मच्छरदाणीची, ती नको, हॅलोजनसमोर दोन मिनिटांत टपकायला लागते. कडा कापतात म्हणून पक्कडीने वळवून घ्या आणि लाइटच्या तोंडापासून चार बोटं पुढे अडकवा.